मागच्या सीटचा विमा

"ती माझी गाडी आहे," असा मागून आवाज आला, तेव्हा ती एक गुडघा फरशीवर टेकून, गाल जवळजवळ पेट्रोलच्या टाकीला लावून बसली होती. एका हातात पातळ कागद, दुसऱ्या हातात पेन्सिल. हँडलच्या खाली लोखंडावर कोरलेला नंबर कागद ठेवून, पेन्सिलीने घासून उतरवायचा, हे तिचं रोजचं काम. विमा कंपनीचा नुसत्या फोटोवर विश्वास नसतो. तिला लोखंडाची छाप लागते.

"असू दे की," ती मान न वळवता म्हणाली. "जरा बाजूला उभे राहा, उजेड अडवताय."

"राहतो. पण माझ्या गाडीला तुम्ही काय करताय, तेवढं कळलं तर बरं होईल."

तेव्हा कुठे तिनं हातातली चिठ्ठी पाहिली. चिठ्ठीतला नंबर आणि कागदावर उतरलेला नंबर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. गॅरेजच्या दारात एकाच बनावटीच्या, एकाच रंगाच्या, एकाच वयाच्या दोन काळ्या मोटरसायकली उभ्या होत्या, आणि ती गेली दहा मिनिटं भलत्याच गाडीच्या गळ्यात पडली होती.

सात वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं होतं. जुनी गाडी म्हटलं की अख्ख्या ऑफिसात बोट तिच्याकडे जायचं. 'जुन्या गाड्यांची मॅडम' हे तिचं नाव लोकांनीच पाडलेलं. ती गाडी बघायची, मालकाकडे बघायची आणि तोंडावर खरं सांगायची. तुम्हाला एवढाच विमा पुरे, बाकीचा कंपनीच्या भल्याचा आहे, तुमच्या नाही. त्यावरून साहेब तिच्यावर वर्षातून चारदा चिडायचे आणि गिऱ्हाइकं मात्र दुसऱ्या टेबलाकडे वळायची नाहीत.

"सहा आहे तो," तो तिच्या कागदावर वाकून म्हणाला. "तुम्ही आठ समजलात, म्हणून चुकलात. तुम्हाला जवळचं नीट दिसत नाही."

"मला सगळं दिसतं."

"मग हा आठ आहे?"

सहाच होता. तिनं कागद चुरगळला. अंगानं सडपातळ, शर्टाच्या खिशातून मऊ पिवळं फडकं डोकावतंय, असा तो माणूस. हसू आलं की आधी त्याचे डोळे हसायचे, तोंड नंतर सावकाश यायचं. पलीकडच्या रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकं शोधत फिरत नाही, पण दिसलं म्हणून बोललो, असं त्यानं वर सांगितलं.

असं कुणी पकडलं की ती उलटी चढायची. "कागद दाखवा गाडीचे," ती म्हणाली. दाखवायचं काहीच बंधन नसताना त्यानं गुमान सीटखालची प्लास्टिकची पिशवी काढून दिली. विमा संपून चार महिने झाले होते.

"चार महिने असेच फिरताय. कुणाला धडकलात तर काय करणार, चष्मा देणार त्याला?"

"दिला असता," तो म्हणाला. "म्हणजे पुढच्या वेळी तरी तो बघून चालला असता."

तिला हसायचं नव्हतं. ती हसली.

*

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला. टायरच्या दुकानावरचा पहिला मजला, जिन्यात नव्या रबराचा वास, डोक्यावर टकटकणारा पंखा. तो तिच्या समोर बसला आणि गाडीचा फुल विमा काढा म्हणाला. अठ्ठावीस वर्षांची गाडी. कंपनीच्या तक्त्यात तिची किंमत कधीच शून्याला टेकली होती.

जुन्या गाडीवाल्यांना ती नेहमी चार प्रश्न विचारायची. रोज चालवता की कधीमधी? उभी कुठे करता? सुटे भाग मिळतात का? आणि चौथा प्रश्न कुठल्याच फॉर्मात नव्हता: ही उद्या चोरीला गेली तर दुसरी घ्याल की रडाल? दुसरी घेणाऱ्याला ती सांगायची, कायद्यापुरता थर्ड पार्टी काढा आणि गप्प बसा. रडणाऱ्याला सांगायची, आधी जाणकाराकडून गाडीची किंमत लिहून घ्या, ती कंपनीकडून कबूल करून घ्या, आणि मगच पूर्ण विमा उतरवा. नाहीतर वर्षानुवर्षं हप्ते भराल आणि गाडी गेल्यावर हातात येईल भंगाराचा भाव.

चष्मेवाल्यानं चौथ्या प्रश्नावर फार वेळ घेतला. "दुसरी घेईन," तो शेवटी म्हणाला. "पण रडून घेईन."

असलं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. तिनं त्याला सगळं समजावलं. चोरी आणि आग धरा, कारण तुमच्या गाडीचे भाग आता बाजारात मिळत नाहीत. स्वतःचा अपघात विमा धरा. टायर, इंजिन, असल्या जादा पैशांच्या जोडपत्रांच्या नादी लागू नका. तो कोपरं टेबलावर टेकवून, गाणं ऐकावं तसा ऐकत राहिला. दोन दिवसांनी एक शंका घेऊन आला. पुढच्या आठवड्यात आणखी एक. तिसरी शंका इतकी बिनबुडाची होती की ती विचारताना त्यालाच लाज वाटत होती, आणि ती ऐकताना तिनं केस कानामागे सारले होते...

मग ती त्याच्या दुकानात गेली. आकडे खरंच पोहायला लागलेत, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. त्यानं तिच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवली आणि भिंगं बदलायला लागला. टिक. टिक. त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता.

"हे बरं, की ते?"

"हे."

"आणि आता?"

"आधीचं."

"नीट बघून सांगा—"

"बघतेय."

समोरच्या अक्षरांकडे मात्र ती बघत नव्हती. त्याच्या भुवईत एक पांढरा केस होता. दुसऱ्या भिंगानं तो स्पष्ट दिसला आणि तिला कारण नसताना भरून आलं.

*

बुधवारी त्यानं गाडी पाहणीसाठी आणली. ऑफिसच्या मागच्या अंगणात तिनं ती चहूबाजूंनी न्याहाळली. नवा चष्मा नाकावर होता. त्यानंच बनवून दिलेला. आता तिला सगळं दिसत होतं, आणि तिथंच घोळ झाला.

मागच्या माणसानं पाय ठेवायच्या दोन पट्ट्या असतात. उजवीचं रबर नवं कोरं, साच्यातून निघतानाची बारीक कुसळं अजून त्याला तशीच होती. डावीचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं. याचा अर्थ सात वर्षं गाड्या वाचणाऱ्या बाईला कुणी सांगायची गरज नव्हती. मागे कुणीतरी बसतं. एका अंगाला, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसतं. आज काल नाही, वर्षानुवर्षं बसतं. सीटच्या मागे पाठ टेकायला लोखंडी कमान मुद्दाम जोडून घेतलेली, तिच्यावर छोटी गादी, आणि गादीला हाताची बारीक शिवण. हुकाला लहान मापाचं हेल्मेट.

"मागे कुणी बसतं?" तिनं विचारलं. हा प्रश्न फॉर्मात होता, त्यामुळे आवाज साधा ठेवता आला.

"बसतं की. मंगळवारी आणि शुक्रवारी. न चुकता." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो वळून आरसा पुसायला लागला, तो आरसा आधीच स्वच्छ होता. "मागच्याचा विमा पाहिजेच मला. एक वेळ माझा नसला तरी चालेल. मागचा पाहिजे."

एक वेळ माझा नसला तरी चालेल. वा.  कोण आहे, असं एका शब्दात विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं, आणि आलेलं उत्तर परत पाठवता येत नाही.

तो कागदांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेला. तिनं इकडं तिकडं पाहिलं, हुकाचं हेल्मेट काढलं आणि नाकाला लावलं. गोड वासाची पावडर. आत एक केसही सापडेना. स्वच्छ ठेवत होती बया.

तो परत आल्यावर तिनं फॉर्म पुढ्यात ओढला. मागच्या व्यक्तीचा अपघात विमा, असा रकाना होता. त्यात त्यानं आधीच बरोबरची खूण केली होती, जाड, दोनदा गिरवून.

"हे राहू दे," ती म्हणाली. "इतक्या जुन्या गाडीवर मागच्याचा विमा घेण्यात अर्थ नसतो. कंपनी पुढे फाटे फोडते. हप्ता फुकट जातो."

हे धादांत खोटं होतं. गाडी दोन वर्षांची असो की तीस वर्षांची, तो विमा मिळतो, आणि घ्यावा असे जे मोजके विमे असतात त्यातला तो एक आहे, हे ती स्वतः लोकांना ओरडून सांगायची.

 "नक्की?"

"मी सांगतेय ना."

"मग प्रश्नच नाही. मारा काट."

तिनं पट्टी लावून काट मारली. रेघ अगदी सरळ आली.

*

"वन्सं, दुधी चिरताय की कुणाचा गळा?" रात्री वहिनीनं विचारलं. ती भावाच्या घरी राहायची, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, आणि वहिनीपासून त्या घरात काही लपत नसे.  वहिनीनं उत्तराची वाट न बघता सुरी काढून घेतली.

त्या शुक्रवारी ती दिवसभर जळत राहिली. कामात लक्ष नव्हतं. ती त्या बाईला रचत बसली होती. आधी पाय रचले, कारण पायांचा पुरावा होता: निमुळते, नखं रंगवलेले, एकावर एक ठेवलेले. मग कंबर. मग त्याच्या पोटाभोवती टाकलेला हात. गादीची शिवण त्या हाताची असणार. पावडर लावून, नटून मंगळवारी, शुक्रवारी निघत असणार, आणि वळणावर मुद्दाम पुढे झुकत असणार. शनिवारपर्यंत त्या बाईला आवाजही मिळाला होता. किनरा. तिला त्या आवाजाची शिसारी आली.

आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीकसा आनंद होता, घाणेरडा. तुझा विमा मी उतरवू दिला नाही. त्या आनंदाकडे ती नीट बघत नव्हती.

मंगळवारी तिनं अर्धी रजा टाकली आणि त्याच्या दुकानासमोरच्या वह्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदार दोनदा काय हवं म्हणाला. तिनं दोनदा रेघांची वही म्हटलं आणि दोनदा बिनरेघांची उघडली.

अकराला त्यानं शटर अर्धं ओढलं. गाडी पुसली. शेजारच्या इमारतीच्या दाराशी नेऊन उभी केली, आणि आतून ती आली. हेल्मेट घातलेली, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, अंगावर फुलाफुलांचं. त्यानं हात दिला. ती एका अंगाला बसली, दोन्ही पाय डावीकडे, आणि उजवा हात त्याच्या पोटाभोवती टाकला. सवयीनं. हक्कानं.

विमावालीच्या हातातून वही पडली. ती उचलून वर बघते तो गाडी रस्ता ओलांडून तिच्याच पुढ्यात येऊन थांबलेली.

"तुम्ही इथे?" तो म्हणाला, आणि त्याला किती आनंद झाला ते लपवायचं विसरला.

मागच्या बाईनं एका हातानं हेल्मेट उपसून काढलं. आत पांढरेशुभ्र, विरळ केस होते. दुसरा हात मांडीवर पडून होता, बोटं आत वळलेली, आपला नसल्यासारखा. सत्तरीची म्हातारी. तोंडाची एक बाजू जरा ओघळलेली.

तिला हसायला यायला लागलं. 

"या माझ्या सासूबाई," तो म्हणाला.

हसणं घशातच राहिलं.

"होते," म्हातारी म्हणाली. "सासू होते. आता कागदोपत्री कुणी नाही. मुलीनं याला सोडलं, लांबच्या देशात जाऊन दुसरं लग्न केलं, आणि जाताना मला न्यायची राहिली. याला सांगायची लाज वाटते. लोक हसतात ना, बायको गेली आणि सासू गळ्यात. तीन वर्षांपूर्वी माझं हे अंग गेलं. तेव्हापासून हात चालवायच्या व्यायामाला नेतो. त्याआधी बाजारात न्यायचा."

"आई, पुरे झालं."

"खरं तेच सांगतेय. आणि तू ती विमावाली ना ग? महिनाभर घरात विमा, विमा, विमा. मला वाटलं मरायचा बेत आहे याचा." म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता कळलं. बरं, माझा उतरवलास ना? म्हणत होता, मागच्याचा आधी उतरवणार."

"नाही उतरवला, आई," तोच म्हणाला. "जुन्या गाडीवर त्याचा उपयोग नसतो. यांनीच सांगितलं, म्हणून वाचलो."

"मग बरोबरच असेल," म्हातारी म्हणाली. "जाणकार माणसाचं ऐकावं."

ते गेले. पुढे रस्ता उखडलेला होता. एका हातानं धरून बसलेली ती म्हातारी प्रत्येक खड्ड्याला सीटवरून दोन बोटं उडत होती, आणि ती गाडी वळणाआड जाईपर्यंत विमावालीनं श्वास घेतला नाही.

*

पॉलिसीत दुरुस्ती करायला एका पानाचा अर्ज असतो. काय बदलायचं, गाडी कोणती, ग्राहकाची सही, आणि खाली एक रकाना: दुरुस्तीचं कारण.

साहेबांना तिनं सगळं नाही सांगितलं, पण आपण चुकीचा सल्ला दिला एवढं सांगितलं. साहेबांनी चष्मा वर केला. त्यात काय, म्हणाले, ग्राहकाची मागणी असं लिही, तो सही करेल, संपलं. आणि खरंच संपलं असतं. तो सही करणार होता. नियम बदलला म्हणून सांगितलं असतं तरी त्यानं मान डोलावली असती, वर आभार मानले असते. म्हातारीचा विमा झाला असता, तिची नोकरी राहिली असती, तो राहिला असता, आणि त्याच्या डोळ्यांतली जाणकार बाई तशीच राहिली असती. सगळं मिळत होतं. फक्त यापुढे तो जेव्हा जेव्हा 'तुम्ही सांगताय ना' म्हणणार होता, तेव्हा तेव्हा तिला खाली बघावं लागणार होतं.

तिनं लिहिलं: कर्मचाऱ्यानं जाणूनबुजून चुकीचा सल्ला दिला.

"जाणूनबुजून कशाला लिहितेस?" साहेब म्हणाले. "वर विचारतील, का दिला म्हणून."

"ते वरच्यांना नाही सांगणार. ग्राहकाला सांगेन."

साहेबांनी अर्ज स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, पाहणीचं काम तुझ्याकडून काढावं लागेल. तिनं काढा म्हटलं.

शुक्रवारच्या फेरीआधी सही हवी होती. गुरुवारी दुपारी ती दुकानात गेली. तो एका भिंगाची कड घासत होता. तिला बघून त्यानं यंत्र बंद केलं आणि खुर्ची पुसून दिली. ती बसली नाही.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मागच्याचा विमा मिळतो. कितीही जुनी गाडी असू दे. मला माहीत होतं आणि मी काट मारली."

"का?"

"मागे कोण बसतं ते... मला वाटलं, बाई आहे."

"बाईच आहे."

"तशी नाही. तरणी. सुंदर बिंदर." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "डावीकडचं रबर झिजलेलं पाहिलं, ती गादी पाहिली, आणि माझं डोकं फिरलं. मी तुमचं हेल्मेट हुंगलं. मला त्या सीटवर ती नको होती. कुणीच नको होतं... माझ्याशिवाय. म्हणून मी तिचा विमा कापला. एवढंच कारण आहे. दुसरं नाही."

दुकानात आतल्या बाजूला पडदा होता. पडद्यामागून आधी खोकल्यासारखा आवाज आला, मग ते हसणं आहे हे कळलं.

"अगं बाई," म्हातारी आतून म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं नवरा होता, तेव्हा कुणी माझ्यावर जळलं नाही. आता अर्धं तोंड वाकडं झाल्यावर जळली म्हणे कुणी. ये ग आत, बघू दे तुला."

"आई, तुम्ही मध्ये बोलू नका."

त्यानं आवाज चढवला नव्हता, तरी पडद्यामागचं हसणं थांबलं. त्यानं अर्ज घेतला. कारणाची ओळ दोनदा वाचली.

"शुक्रवारी नेलं मी त्यांना," तो म्हणाला. "आणि मंगळवारी. दोन फेऱ्या. तुमच्या शब्दावर."

"हो."

"तुम्ही दुसरं काहीही खोटं बोलला असतात तर चाललं असतं."

त्यानं सही केली. खिशातलं पिवळं फडकं काढलं, हात पुसले, परत ठेवलं. तिच्याकडे न बघता म्हणाला, "या तुम्ही."

*

तिला टपालाच्या टेबलावर बसवलं. पाकिटं फोडायची, शिक्का मारायचा, ढीग लावायचे. जुन्या गाडीवाले येऊन तिच्याकडे बघायचे आणि ती त्यांना बोटानं दुसरं टेबल दाखवायची.

आता तिला खरोखरीचा हेवा वाटत होता, त्या म्हातारीचा. मनात रचलेल्या बाईवर ती नुसती जळली होती. हे वेगळं होतं. म्हातारी चिडू शकत होती, त्याला नाही नाही ते बोलू शकत होती, तिची सख्खी मुलगी त्याला टाकून गेली होती, तरी मंगळवारी अकरा वाजता गाडी दाराशी येणार म्हणजे येणार होती. असं कुणाच्या तरी आयुष्यात आपलं स्थान असावं, काही केलं तरी न जाणारं... तिनं एका पाकिटावर तीनदा शिक्का मारला.

वहिनीनं दोन वेळा विचारलं, मी जाऊन बोलू का त्याच्याशी? दोन्ही वेळा तिनं नाही म्हटलं. माफी मागून झाली होती. भीक मागायची राहिली होती, ती तिला मागायची नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी तो जिना चढून आला. टपालाच्या टेबलासमोर खुर्ची नसते. त्यानं दुसरीकडची ओढून आणली, फरशीवर खरखर आवाज करत, आणि सगळं ऑफिस बघत असताना बसला.

"राग आहे अजून," तो म्हणाला.

"असू दे."

"जाईल बहुतेक. सगळा नाही जाणार."

"बरं."

त्यानं एक पाकीट उचललं, उलटं केलं, खाली ठेवलं. "पण मी रागासाठी नऊ दिवस घेतले नाहीत. त्या दिवशी तुम्ही गेलात आणि मी आत जाऊन बसलो, तर... मला बरं वाटत होतं. आईंच्या जिवाचा खेळ झाला आणि मला बरं वाटत होतं. स्वतःचीच किळस आली. ती उतरायला नऊ दिवस लागले."

 शिक्क्याची शाई तिच्या बोटांना लागली होती, ती पुसत राहिली.

"सहा वर्षं संसार केला मी. कुठे जातो, कुणाबरोबर जातो, परत का येत नाही, एकदाही विचारलं नाही तिनं. लोक म्हणायचे, केवढी समजूतदार बायको मिळाली. समजूतदार कसली. तिला माझं पडलेलंच नव्हतं."

"मी समजूतदार नाही," ती म्हणाली.

"ते कळलं मला." डोळे हसले. तोंड अजून यायचं होतं. "तर यापुढे जळायचं असेल तर जळा. पण तोंडानं विचारायचं. परस्पर काट मारायची नाही. एवढं जमणार असेल तर—"

"तर काय?"

"तर मला तुमच्याशी लग्न करायचंय. आईंना सांगून आलोय. त्यांनी काठीनं माझ्या चपला दाराकडे ढकलल्या, म्हणाल्या, जा, टपाल संपायच्या आत जा."

पलीकडच्या टेबलावर साहेब फोन कानाला लावून बसले होते. फोनवर कुणीच नव्हतं.

तिनं हात मांडीवर ठेवले. आनंदानं छाती फुटायला आली होती, आणि नेमका त्याच आनंदातून एक काटा वर आला. ती तो गिळू शकली असती. गेल्या खेपेला गिळला होता.

"मग आत्ताच विचारते," ती म्हणाली.

"विचारा."

"तिची आई तुमच्याकडे आहे. म्हणजे ती कधी ना कधी येणार. समजा उद्या आली. दारात उभी राहिली, एकटी, रडवेली. तर?"

पटकन काहीतरी गोड बोलून त्याला सुटता आलं असतं. तो सुटला नाही. त्यानं विचार केला, चौथ्या प्रश्नावर केला होता तसाच.

"दार उघडेन," तो म्हणाला. "आईंची मुलगी आहे ती. आत घेईन. बस म्हणेन. चहा टाकेन."

"चहा तिचा ती टाकेल. दोन्ही हात धड आहेत तिचे." तिनं शिक्का बाजूला ठेवला. "तुम्ही मला फोन करायचा, आईंच्या शेजारी जाऊन बसायचं, आणि मी येईपर्यंत तिथून उठायचं नाही."

"कबूल," तो म्हणाला.

"मग हो."